तप, हट्ट आणि पाच तासांची पट्टी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १७ ते १९.

शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप आपण गेले तीन दिवस पाहिलं. आज भगवान त्याच तपाकडे दुसऱ्या बाजूने बघतात: ते कशासाठी केलं? फळाची आस न धरता, श्रद्धेने केलं तर सात्त्विक. लोकांनी मान द्यावा, वाहवा करावी म्हणून केलं तर राजस. आणि हट्टाला पेटून, स्वतःला पीडा देत किंवा दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलं तर तामस.

यंदाच्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉन पळाले. पहिलीच, आणि पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याआधीचे सहा महिने दर रविवारी पहाटे चारला उठायचं, देवापुढे दिवा लावायचा, एक श्लोक वाचायचा आणि बूट बांधून उपवन तलावाकडे निघायचं, असा क्रम होता. आई म्हणायची, "अगं, एवढं पळून तुला मिळणार काय?" मी म्हणायचे, "काही नाही गं, तप समज." ती हसायची. पण आज हे श्लोक समोर आले आणि वाटलं, तो शब्द मी जरा स्वस्तातच वापरत होते. तप म्हणजे नक्की कुठलं? तिघांपैकी?

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. याच अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात शरीराच्या तपाची यादी आहे. देव, गुरू, ज्ञानी यांची पूजा, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. बस्स. उपाशी राहणं नाही, उन्हात उभं राहणं नाही, बेचाळीस किलोमीटर तर नाहीच नाही. उलट त्याआधीच्या सहाव्या श्लोकात भगवान सांगतात की जे शरीराला छळतात ते आत बसलेल्या मलाच छळतात. आपण 'तप' म्हटलं की डोळ्यांपुढे कष्ट आणतो. गीता त्या यादीत अहिंसा ठेवते, आणि तीही शरीराच्या खात्यात! मला हे फार थांबवून टाकणारं वाटतं.

कारण पळणाऱ्यांच्या जगात तामस तपाला भलतीच प्रतिष्ठा आहे. ताप असताना पळालो, गुडघा सुजला तरी पळालो, पेनकिलर घेऊन लाँग रन पूर्ण केला, अशा गोष्टी ग्रुपवर आल्या की खाली टाळ्यांची रांग लागते. घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीवर किती ताण टाकतात, हे कुणी लिहीत नाही. पाण्याचंही तसंच, कमी पिणं वाईट तसं भसाभस पिणंही वाईट, रक्तातलं सोडियम पातळ होतं. शिवाय स्नायू बळकट होतात ते पळताना नव्हे, नंतरच्या विश्रांतीत. म्हणून तर शहाणा प्रशिक्षक काही आठवडे अंतर वाढवतो आणि मग एक आठवडा मुद्दाम कमी करतो, शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे तर पळणं बरंच उतरवतो. सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जाग सगळं बेताचं असावं असं सांगितलंय, ते मला प्रशिक्षणाच्या तक्त्यातच जास्त नीट कळलं.

ऑक्टोबरमध्ये माझी नडगी दुखायला लागली. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, तीन आठवडे पळणं बंद. मी बंद केलं. आता सांगा, हे सात्त्विक झालं का? शरीरातल्या देवाची काळजी घेतली म्हणून थांबले, की जानेवारीतलं मेडल हातचं जाईल या भीतीने? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सोफ्यावर पाय वर करून बसलेली मुलगी, बस.

राजस तपाबद्दल फार लिहीत नाही, ते आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. मेडल दातात धरलेला फोटो म्हणजे आजचा सत्कारच. भगवान त्याच्या फळाला चंचल आणि अशाश्वत म्हणतात. स्टोरी चोवीस तासांत जाते, अजून वेगळं भाष्य कशाला हवं?

खरी अडचण सात्त्विकाची आहे. फळाची अपेक्षा नको, पण वेळेचं लक्ष्य नसेल तर मॅरेथॉनची तयारीच होत नाही. कोणत्या वेगाने निघायचं, जेल कधी घ्यायचं, सगळं त्या आकड्यावर बेतलेलं. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, त्याआधी उगाच जोरात पळालात तर पुढे पाय लाकडाचे होतात. म्हणजे आकडा हवाच. अर्जुनाने नेम न धरता बाण सोडावेत असं भगवानही म्हणत नाहीत. मग नेम धरायचा आणि फळ धरायचं नाही, हे एकाच माणसात कसं बसतं?

बरेच जण यावर वारीचं उदाहरण देतात. मॅरेथॉन म्हणजे शहराची वारीच, वगैरे. मला ते पटत नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्याच्या पायात चिप नसते, आणि शेवटी घड्याळ नसतं, विठोबा असतो. तिथे फळ सोडायला वाट आपोआप शिकवते. इथे सीएसएमटीला कमानीवर भलंमोठं घड्याळ लावलेलं असतं. सोडायचं तर त्याच्या डोळ्यांदेखत सोडावं लागतं.

ते सोडताना मी एकदा पाहिलं. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, पस्तीस किलोमीटर होऊन गेलेले असतात आणि ऊन चढलेलं. तिथे माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी फूटपाथला धरून उभी राहिले. मागून साठीचे एक काका आले आणि थांबले. मला खाली बसवलं, पाऊल धरून मागे वाकवलं, खिशातली मिठाची पुडी काढून दिली. त्यांच्या मनगटावर कागदाची पट्टी होती, प्रत्येक किलोमीटरला किती वाजले पाहिजेत ते बारीक अक्षरात लिहिलेली. तळाशी पाच तास.

"काका, तुम्ही जा ना, तुमचा वेळ जातोय."

"जातोय खरा. मागच्या वर्षी चार मिनिटांनी हुकलं होतं," असं म्हणत ते पाऊल दाबतच राहिले. "तू आधी उभी राहा, पोरी. घाई कसली?"

चढ संपेपर्यंत ते माझ्यासोबत चालले. मग एकदा पट्टीकडे पाहिलं, हसले, आणि पळत सुटले. रमत गमत नाही हं, अगदी जीव लावून, जणू पाच तास अजून शक्य आहेत. ते शक्य नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

मला वाटतं, माझ्या प्रश्नातला घोळ इथे सुटतो. मी समजत होते की अनासक्त माणसाच्या मनगटावर पट्टीच नसते. यांच्या मनगटावर होती, वर्षभराच्या मेहनतीने लिहिलेली. ती खोटी नव्हती, म्हणून तर ती सोडण्याला काही किंमत होती. ज्याला वेळेचं काहीच नाही त्याने थांबणं सोपं आहे. आणि आपलं तप कुठल्या जातीचं, हे पहाटे चारला दिव्यासमोर बसून आपल्याला कळत नसावं. कुणीतरी मध्येच येऊन ते फळ मागतं, तेव्हा हात उघडतो की मिटतो, तेवढंच कळतं. माझ्याकडे त्या दिवशी कुणी काही मागितलं नाही. मी घेणारी होते. त्यामुळे माझ्या सहा महिन्यांचं नाव काय, याचं उत्तर मी आईला अजून दिलेलं नाही.

मी पाच तास सव्वीस मिनिटांत पोहोचले. काका कमानीपाशी दिसले नाहीत, आभार मानायचे राहूनच गेले.

उद्याचा श्लोक विसावा. परत काही देऊ शकणार नाही अशा माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी दिलेल्या दानाबद्दल. वाचून या.

राम कृष्ण हरी.