डायोनिसिओसची फितुरी

कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथे कुठल्याही प्रश्नावर दोन गट पडतात, तसे ते गुडघ्यावरही पडलेले आहेत. एक गट महामार्गालगतच्या फलकांचा. रुपेरी केसांची बाई हसत जिना चढते आहे, बाजूला रोबोटचा हात, खाली 'वेदनामुक्त' हा शब्द गुलाबी अक्षरांत. दुसरा गट माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, गीतेवर बोलतात आणि ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांवर त्याहून जास्त बोलतात. त्यांचं नाव घेत नाही, कारण घेतलं तर ते खूश होतील.

गेल्या दिवाळीत एका अंकात त्यांनी लिहिलं, की कृत्रिम सांधा बसवल्यावर माणसं महिनोन्‌महिने कण्हत आणि तोंड पाडून बसतात, ते दुखणं गुडघ्याचं नसून चारित्र्याचं असतं. आनंद यादवांच्या 'झोंबी'तल्या आईला कधी नैराश्य आलं होतं का, असा त्यांचा सवाल. मन घट्ट करा, वेदना उंबऱ्यावरून परत जाईल, हा उपाय. माझा डावा गुडघा त्याच पावसाळ्यात बदललेला. अंक त्यांनी मला पोस्टानं पाठवला, त्या परिच्छेदाखाली तांबडी रेघ ओढून. तेव्हा हे उत्तर.

आधी गुडघ्याची बाजू मांडू, कारण भाषणांत नेमकी तीच गाळली जाते. या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक करवतीनं कापतात. वर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, खाली धातूची बैठक, दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची चकती, आणि हे सगळं बहुधा सिमेंटनं पक्कं करतात. वीतभर चीर असते. त्वचेला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी त्या चिरेत सापडते, म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा राहतो, कित्येकांना कायमचा. सांधा काही महिने हाताला गरम लागतो. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत वॉकर हातात देऊन उभं करतात, ते योग्यच आहे. पण फलकावरची गोष्ट तिथेच संपते आणि रुग्णाची तिथून सुरू होते. वेदनाशामकांनी मळमळ आणि बद्धकोष्ठ. रक्त गेल्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं. रात्री कूस बदलता येत नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि मनाई नेमकी तिलाच, कारण मग पाय सरळ होत नाही. दोन तासांनी झोप मोडते आणि पुन्हा लागत नाही. दिवसा फिजिओथेरपिस्ट येऊन सुजलेला सांधा नव्वद अंशांपर्यंत नेतो. अशा माणसाचं तोंड पडलं, तर त्यात चारित्र्य कुठून आलं? एखाद्या स्थितप्रज्ञाला तीन आठवडे असं जागवा आणि मग त्याची लक्षणं तपासा.

शिवाय सगळं नीट पार पडूनही काहींचं दुखणं उरतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात १९ टक्के जण समाधानी नव्हते. २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी बरेच अभ्यास एकत्र चाळले, तेव्हा दीर्घकाळ दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण १० ते ३४ टक्क्यांच्या दरम्यान निघालं. ही शस्त्रक्रिया वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्यांना ती चालतं करते, मलाही केलं. पण पाचांतला जो एक उरतो, त्याला फलकावर जागा नाही आणि आमच्या सहकाऱ्यांच्या लेखात त्याला फक्त ताशेरे आहेत.

आता स्टोइक. सहकाऱ्यांचा लाडका पुरावा म्हणजे पोसिडोनिओस. ऱ्होड्स बेटावरचा हा तत्त्वज्ञ सांध्यांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. रोमचा सेनापती पॉम्पी त्याला ऐकायला आला आणि त्याची अवस्था बघून खंतावला. पोसिडोनिओसनं पडल्या पडल्या व्याख्यान दिलं. विषय होता, जे सन्मार्गाचं तेवढंच चांगलं. कळ आली की तो वेदनेलाच बजावी, तू कितीही छळ, तुला मी वाईट म्हणायचा नाही. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनं 'टस्क्युलन संवादां'च्या दुसऱ्या भागात हे सांगितलं आहे. आमचे सहकारी या ठिकाणी पुस्तक मिटतात. त्याआधीची पानं तेवढी त्यांच्या वाचनातून राहून जातात.

त्याच भागात, अगदी जवळच, हेराक्लियाचा डायोनिसिओस भेटतो. हा स्टोइक पंथाच्या संस्थापकाचा, झेनोचा शिष्य. मूत्रपिंडाच्या कळांनी (सिसेरोच दुसऱ्या ग्रंथात डोळ्यांच्या म्हणतो) तो ओरडून सांगू लागला, की वेदनेबद्दल आजवर आपण जे मानलं ते सगळं खोटं. सहाध्यायी क्लीन्थिसनं विचारलं, मत बदलायला कारण काय झालं? उत्तराचा आशय असा: तत्त्वज्ञानात इतकी वर्षं घालवूनही एखाद्याला वेदना सोसवत नसेल, तर वेदना वाईट आहे याला तेवढा पुरावा पुरेसा. मी वर्षं घालवली आहेत. मला सोसवत नाही. म्हणून वेदना वाईट. यावर क्लीन्थिसनं काय केलं? जमिनीवर पाय आपटला आणि जुन्या नाटकातली एक ओळ म्हणून दिवंगत गुरूला साद घातली. प्रतिवाद केल्याची नोंद नाही. पाय आपटायला धड गुडघा लागतो, हेही त्याच्या ध्यानात आलं नसावं.

डायोनिसिओसच्या नावाला मात्र पंथ सोडणारा अशी उपाधी कायमची चिकटली. कागलमध्ये ऐन निवडणुकीत गट बदलणाऱ्याला जे म्हणतात तेच. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्या अधिकारानं सांगतो, की त्याचं अनुमान निर्दोष आहे. त्यातून सुटायची स्टोइकांपुढे एकच वाट उरते: तुझा अभ्यास कमी पडला. आणि ही वाट मला भोंदूपणाची वाटते. सोसवलं तर तत्त्वज्ञानाचा विजय, नाही सोसवलं तर रुग्णाचा पराभव. असा सिद्धान्त कधी हरतच नाही. 'मन घट्ट करा' या उपदेशाची जात हीच. ज्याचं दुखणं आपोआप ओसरतं, त्याचं मन घट्ट ठरतं. ज्याचं ओसरत नाही, त्याला वेदनेवर लाजेचा भार.

सिसेरोचं स्वतःचं काय झालं, तेही सांगायला हवं. हा ग्रंथ त्यानं लिहिला तो इसवीसनापूर्वी ४५ मध्ये, त्याची मुलगी तुलिया वारली त्याच वर्षी. ती गेल्यावर तो अस्तुरा इथल्या समुद्राकाठच्या घरी जाऊन राहिला, सकाळी गर्द झाडीत शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. मित्र अ‍ॅटिकसला तो पत्रांतून कळवत राहिला, की दिवसभर लिहितो पण रडू आवरत नाही. रोममध्ये लोक कुजबुजू लागले, की फार झालं, इतका मोठा माणूस आणि असा मोडून पडावा? म्हणजे सहनशीलतेचा हा महाग्रंथ घट्ट मनानं लिहिलेला नाही. तो लिहिणाऱ्याच्या पाठीमागेही कुणीतरी तांबडी रेघ घेऊन उभं होतं.

इथे थांबलो असतो तर माझा विजय सोपा होता. गुडघा दुखतो, म्हणून माणूस उदास होतो. मनाला यात ओढू नका. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने मी हेच म्हणत होतो, त्वेषानं. पण या मांडणीत पुरावे मावत नाहीत. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली यांनी गुडघ्याच्या झिजेचे १८० रुग्ण घेतले. काहींची दुर्बिणीनं साफसफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला, आणि काहींना फक्त चिरे देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. वेदनेत तिन्ही गटांत फरक नाही! ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया, सांधा बदलण्याची नव्हे, हे खरं. तरी ती गुडघ्याचीच, आणि दुखणं कमी झालं त्यात चिरे देण्यामागच्या आश्वासनाचाही वाटा असावा. त्याआधी, १९४४ मध्ये इटलीत आंझिओच्या रणभूमीवर, हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाला दिसलं होतं, की भयंकर जखमी झालेले कित्येक सैनिक मॉर्फिन नको म्हणतात, आणि तेवढ्याच जखमेचा नागरी रुग्ण मात्र ते मागतो. सैनिकाला त्या जखमेत घरी परतण्याचा परवाना दिसत होता. ऑपरेशनआधीच उदास किंवा धास्तावलेल्या माणसाला नंतर जास्त दुखतं, हे गुडघ्याच्या रुग्णांतही वारंवार आढळलं आहे. ड्युलॉक्सेटिनसारखं एकच औषध नैराश्यावरही चालतं आणि जुनाट वेदनेवरही, कारण मेंदूतून खाली येऊन वेदनेला लगाम घालणाऱ्या वाटांवर तीच रसायनं काम करतात.

तेव्हा मन बाद करता येत नाही, एवढं मी सहकाऱ्यांना देऊन टाकतो. त्यांनी ते खुशाल अधोरेखित करावं. पण घट्ट मन हा ज्याच्या त्याच्या तिजोरीतला ऐवज असतो, असं बीचरचे सैनिक कुठे सांगतात? जखमेला अर्थ दिला तो घरी नेणाऱ्या जहाजानं. आणि पोसिडोनिओसच्या उशाशी कोण बसलं होतं? पॉम्पी! तेव्हाच्या जगातला सर्वांत गाजलेला सेनापती मुद्दाम भेटायला आल्यावर कुणाचीही वेदना तासभर दबून राहील. तो निघून गेल्यावर, रात्री दोन वाजता पोसिडोनिओस काय म्हणाला, याची नोंद सिसेरोकडे नाही.

अटलबिहारी वाजपेयींचं उदाहरणही सहकाऱ्यांनी दिलं आहे. ऑक्टोबर २०००, मुंबईचं ब्रीच कँडी रुग्णालय, न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत, पंतप्रधानांचा डावा गुडघा. जून २००१ मध्ये उजवा, आणि लगेच जुलैत आग्र्याची शिखर परिषद. निग्रहाला माझा नमस्कार. पण ज्यांच्या गुडघ्याची बातमी पहिल्या पानावर येते, त्यांना आपण विसरले गेलो असं वाटायला वेळ लागतो. आमच्याकडे ती वेळ तिसऱ्या आठवड्यात येते. पहिल्या आठवड्यात शहाळी, बिस्किटांचे पुडे, "कसं हाय गुडघं?" म्हणत येणारे पाहुणे. दुसऱ्यात फोन. तिसऱ्यात टाके निघालेले, मुलगा कामावर, सुनेच्या चेहऱ्यावर थकवा, आणि पाय मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखतो, कारण आता व्यायाम खरे सुरू झालेत. नेमक्या त्या दिवसांत घर म्हणतं, "ऑपरेशन तर झालं की, आता काय?"

आणि आमच्या भागात या ऑपरेशनचा अर्थ काय होतो, तोही पाहा. सांधा बदलल्यावर मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जमिनीवर बसू नका, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. आता कागल तालुक्यातल्या एखाद्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. भांगलण उकिडव्यानं, भाकरी चुलीपुढे बसून, भाजी निवडणं उंबऱ्यात, भजन मांडी घालून, पंगत जमिनीवर. हाडं कापायच्या आधी तिचा गुडघा दुखत होता, पण ती या सगळ्यांत होती. आता प्लास्टिकच्या खुर्चीवर, सगळ्यांपेक्षा दीड हात उंच, एका बाजूला. सून आदरानं ताट हातात देते. शेतावर कुणी नेत नाही. एक्स-रे उत्तम आहे. त्या बाईला उदास वाटलं, तर तिचं मन दुबळं नाही, ते तिच्या घरातल्या जागेची अचूक खबर देतं आहे. 'झोंबी'तल्या आईला नैराश्य आलं का, हे विचारायला तिच्याकडे फिरकलं तरी कोण होतं? यादवांनी दाखवलेलं ते कष्टांचं आणि बाळंतपणांचं रहाटगाडगं वाचून कुणाला त्यात मनाच्या घट्टपणाचं प्रशस्तिपत्र दिसत असेल, तर त्यानं पुस्तक पुन्हा वाचावं.

धातूचा प्रश्न सरकारनं सोडवला. १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आली, दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, वर कर. चांगलंच झालं. तिसऱ्या आठवड्याची किंमत मात्र कुणी ठरवलेली नाही. इथला रुग्ण कोल्हापूरला जातो, मिरजेला जातो, बेळगावला जातो, ऑपरेशन करून परत येतो, आणि पुढे व्यायामासाठी रोजची वाहनं कुणाला परवडतात? ऑपरेशनआधी सांध्याच्या कंपन्या समजावून सांगायला अर्धा तास मिळतो. झोप मोडेल, रडू येईल, वर्षभर सुधारणा चालू राहील, पोटरी सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी या, उदासी दोन आठवडे हटली नाही तर तेही आम्हालाच सांगा, एवढं बोलायला दहा मिनिटं पुरतात. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. डिस्चार्जच्या कागदावर तो छापायला शाईही फारशी लागणार नाही.

आमचे सहकारी यावर पुढच्या अंकात लिहितीलच. दरम्यान घरापासून गैबी चौकापर्यंत येताना ते दोनदा थांबतात, आणि संक्रांतीनंतर उजव्या गुडघ्याची तारीख त्यांनी घेतली आहे, असं त्यांच्या मुलाकडून कळलं. पहिल्या आठवड्यात माझी गरज नाही. निम्मं कागल शहाळी घेऊन जाईल आणि त्यांचं पडल्या पडल्या व्याख्यान रंगेल. मी तिसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या जेवणानंतर जाणार आहे. पोसिडोनिओसवर वाद तेव्हाही घालणारच.