कागदावरचा धर्म

एक प्रश्न घेऊन बसलोय. उत्तर सोपं नाही, म्हणूनच तुमच्यापुढं टाकतोय.

नगर जिल्ह्यातला माझा एक ख्रिस्ती दोस्त. आजा मांगवाड्यातला, मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती झाला. दोस्त दर रविवारी चर्चला जातो, पण नोकरीच्या कागदावर 'हिंदू मांग' आहे. बाप वारला. कबरीवर क्रूस लावायचा का? लावला तर कुणीतरी फोटो काढून अर्ज करणार, नोकरी जाणार. त्यानं लावला नाही. मला म्हणाला, "बापाला दोनदा पुरलं रं मी."

नीतीवाले लगेच म्हणतील, खोटं ते खोटं. थांबा. हे खोटं जन्माला कुणी घातलं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जात हिंदू धर्माला बांधली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती, मुसलमान बाहेरच. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं परिच्छेद काढा म्हणून सांगितलं, ते कागदावरच राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका बाईचा दावा फेटाळताना सांगितलं, की ख्रिस्ती धर्म पाळून फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे.

ठीक. पण देव बदलला म्हणून गावानं जात सोडली का? तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांचं कब्रस्तानसुद्धा वेगळं. जात मेल्यावरही सोडत नाही, आणि कायदा म्हणतो तुला जातच नाही!

आणि आपण काय करत होतो? १४ ऑक्टोबर १९५६ नंतरही, १९९० पर्यंत, केंद्राच्या नोकरीसाठी 'हिंदू महार' हाच दाखला आपल्यातल्या कितीजणांनी पुढं केला? त्यांना कुणी चोर म्हटलं तर आपल्याला चालेल? मग या दोस्ताला चोर म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. "त्यांना घेतलं तर आपला वाटा कमी होईल" असं म्हणणाऱ्यांनी वाटा वाढवून मागावा, माणसं कमी करू नयेत.

तरी दोस्त सुटला असं मी म्हणत नाही. दाखला भुकेनं काढला, ते मी समजू शकतो. पण त्याची म्हातारी म्हणत होती, "लाव बाबा क्रूस." त्यानं तिला गप्प केलं. पोरांना सांगितलं, शाळेत चर्चचं नाव काढू नका. इथं कायदा नव्हता, इथं घरातला पुरुष होता. लादलेलं खोटं एक आणि आपण दुसऱ्यावर लादलेलं खोटं दुसरं. हा फरक ओळखणं म्हणजेच विवेक.

बायबलातला पेत्र शेकोटीपाशी तीनदा म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. भीतीनं म्हणाला. मग बाहेर जाऊन रडला. त्यानं खोट्याला शहाणपण म्हटलं नाही, म्हणून त्याला परत उभं राहता आलं. मी दोस्ताला एवढंच सांगितलं: राजीनामा दे म्हणत नाही. पण खोट्याला खरं म्हणू नकोस, म्हातारीची माफी माग, आणि तिसरा परिच्छेद रद्द व्हावा म्हणून आमच्या मोर्चात ये.

तो म्हणाला, "मोर्चात फोटो निघतो."

मी गप्प झालो. आता तुम्ही सांगा. त्याच्या बाजूला उभं राहून त्याचा फोटो झाकणारे किती जण निघतील आपल्यातून?