एका भाकरीचे ऋण

पवित्र मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी दानाची पिशवी रांगांतून फिरू लागते, तेव्हा आपले हात खिशाकडे जातात. मन मात्र बहुधा दुसरीकडेच असते. थोड्याच वेळात तेच हात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पुढे होतात. या दोन कृतींचा परस्परांशी काही संबंध आहे काय? की पहिली चर्चच्या खर्चासाठी आणि दुसरी आपल्या आत्म्यासाठी, असा सोयीचा हिशेब आपण मांडून ठेवला आहे?

हा प्रश्न आजचा नाही. इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो उपस्थित झालेला आहे. प्रभुभोजनासाठी तेथील ख्रिस्ती जन एकत्र जमत. पण काहीजण आपापले जेवण आधीच उरकून घेत आणि ज्यांच्यापाशी काही नसे, ते उपाशी राहत. हे प्रभुभोजनच नव्हे, असे पौल त्यांना बजावतो. विधीत काही उणे राहिले, ही त्याची तक्रार नाही. गरीब भावाला खाली मान घालावी लागली, याची त्याला व्यथा आहे. अखेरच्या भोजनाचा आपल्याला उपलब्ध असलेला सर्वांत जुना लिखित वृत्तान्त याच अध्यायात यावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. वेदीची आठवण पौलाने भुकेल्यांच्या निमित्ताने करून दिली.

पुढे सन १५५ च्या सुमारास रोम येथे संत जस्टिन याने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. त्यात ख्रिस्तप्रसादाचे वाटप आणि दानाचे संकलन यांचा उल्लेख लागोपाठ येतो. ऐपत असलेले स्वेच्छेने देत; जमलेली रक्कम उपासनाप्रमुखाकडे सुपूर्द होई आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाई.

येथे कोणी म्हणेल, दान जर ऐच्छिक, तर त्याला ऋण कसे म्हणावे? आम्हांला असे वाटते, की किती द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु गरीब मनुष्य आपला कोणी लागतो की नाही, हे ठरविणे आता आपल्या हाती उरलेले नाही. एकाच भाकरीचे वाटेकरी होताच ते नाते जडले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा १३९७ वा परिच्छेदही हा संस्कार आपल्याला गरिबांशी बांधून ठेवतो, असेच शिकवितो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम याने अंत्युखियातील श्रोत्यांना विचारले होते, की बाहेर ख्रिस्त थंडीने कुडकुडत असता आत त्याला रेशमी वस्त्रांनी गौरविण्यात काय अर्थ? वेदी सजविण्यास त्याची मनाई नव्हती. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरलेल्यातून वेदी सजवा, एवढाच त्याचा आग्रह होता.

आपल्या धर्मग्रामातील प्रथम कम्युनियनचे सोहळे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मुले एकाच वेदीपाशी गुडघे टेकतात. संध्याकाळी मात्र एकाचा मंडप मोठा, तर दुसऱ्याच्या घरी उसनवारीची विवंचना. शेजाऱ्याच्या थाटामुळे एखाद्या बापाला कर्ज काढावे लागत असेल, तर करिंथ आपल्यापासून फार दूर नाही. म्हणून हात राखून खर्च करणे हेही दानच आहे. त्याने गरिबाची लाज राखली जाते. मेजवानीची काही ताटे कमी करून एखाद्या मुलाची फी किंवा एखाद्या आजाऱ्याचे औषध भागविता आले, तर मुलाला त्या दिवशी ख्रिस्तप्रसादाचा अर्थ घरातूनच कळेल.

ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपण ‘आमेन’ म्हणतो. तो होकार ख्रिस्ताला आहे. आणि ज्याला त्याने आपला भाऊ म्हटले, त्या भुकेल्यालाही आहे.