विरळणी

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागेत वसंत ऋतूत आपण गेलात, तर एकेका गुच्छात पाच-सहा फुले आढळतील. त्या सर्वांचीच फळे झाली, तर ती लहान व फिकी निपजतात. शिवाय त्यांच्या बियांतील द्रव्ये पुढील वर्षाच्या फुलकळ्या रोखतात. मग झाड एका वर्षी लदबदते आणि दुसऱ्या वर्षी रिते राहते. म्हणून फळ सुमारे १० मिलिमीटरचे असतानाच बागायतदार औषध फवारतो. दुबळी फळे गळतात, उरलेली भरतात.

हे क्रौर्य आहे काय? मला तसे वाटत नाही. झाडाचे सामर्थ्य मर्यादित असते. आपलेही तसेच आहे. अंगावर घेतलेल्या दहा कामांपैकी काही चांगली कामेही सोडावी लागतात, तेव्हाच उरलेली नीट पार पडतात.

परंतु कामांना लावलेला हा नियम आपण नकळत माणसांना लावू लागतो, आणि धोका तेथे आहे.

विरळणीसाठी अनेक देशांत वापरलेले एक औषध म्हणजे कार्बारिल. मुळात ते कीटकनाशक, आणि भोपाळच्या कारखान्यात ते बनत असे. त्यासाठी साठविलेले मिथाइल आयसोसायनेट २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुरूपाने सुटले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांतील पुष्कळशी कारखान्यालगतच्या वस्त्यांतील गरीब होती. भारताने कार्बारिलवर बंदी घातली ती २०१८ साली. त्या माणसांना कोणी निवडून मारले नव्हते, हे खरे. पण कोणाच्या दारी किती धोका ठेवला तर चालेल, हा हिशेब कोणीतरी केलाच होता.

फळ झाडाचे असते. माणूस मात्र कोणाच्या पिकासाठी जन्मास येत नाही. नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ बागायतदाराच्या हिशेबात वेडाच ठरेल. तरीही आपण त्याच्याच मागे चालतो ना?

तर मग, वाचकहो, मुलाच्या शिक्षणासाठी मुलीची शाळा सोडविताना, किंवा मंडळीतील एखाद्या दुबळ्या सभासदाकडे पाठ फिरविताना, क्षणभर थांबा. आपल्या हाती आपली कामे आहेत की माणसे, एवढे आधी पाहून घ्या.