गरज, नोंद आणि किंमत : इंटरनेट पत्त्यांच्या हस्तांतरणाचा विचार

इंटरनेटवरील यंत्रांना ओळख देणारा अंकी पत्ता, म्हणजेच आयपी पत्ता, ही सर्वांची सामायिक संपत्ती असून ती ज्याला जेवढी लागेल तेवढीच वापरायला द्यावी, ही धारणा दीर्घकाळ इंटरनेटच्या कारभाराचा पाया होती. 1981 मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत पत्ता 32 बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे 429 कोटींहून अधिक होणे शक्य नव्हते. मात्र त्या काळी जोडलेले संगणक इतके थोडे होते की ही मर्यादा कोणाला जाचली नाही. कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल पत्त्यांच्या नोंदी सांभाळत असताना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या संस्थांना प्रत्येकी 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्त्यांचे गट विनामूल्य मिळाले, आणि पुढच्या सगळ्या वादाचे बीज याच औदार्यात होते.

नव्वदच्या दशकात मागणी वाढली तेव्हा वाटपाचे काम हळूहळू विभागीय नोंदणीसंस्थांकडे गेले आणि नोव्हेंबर 1996 मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहिली गेली. पत्ते एका संस्थेकडून दुसरीकडे जायचे असतील, तर घेणाऱ्याने थेट नोंदणीसंस्थेकडे नव्याने पत्ते मागताना जी गरज सिद्ध केली असती तीच येथेही सिद्ध करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. हस्तांतरण म्हणजे वाटपाचीच एक पुढची पायरी, अशी ही भूमिका होती. तीत किमतीला स्थान नव्हते, कारण शिल्लक साठ्यातून पत्ते मिळत असताना ते विकत घेण्याचे कारणच नव्हते.

2007 च्या सुमारास साठा संपण्याचा काळ दृष्टिपथात आला, तेव्हा विचाराची दिशा बदलली. ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञ जेफ ह्यूस्टन यांच्यासारख्यांचा युक्तिवाद असा होता की टंचाई आली की व्यवहार होणारच, आणि नियमांनी ते नाकारले तर ते नोंदीबाहेर होतील. नोंदणीसंस्थेची वही येथे आपल्याकडील सातबारासारखी आहे: उतारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसला तरी जमिनीचे सगळे व्यवहार त्याच्या आधाराने चालतात, आणि फेरफार वेळेवर नोंदला गेला नाही तर तंटे माजतात. एखादा पत्ता आज कोणाकडे आहे हे वहीत खरे नसेल, तर वाहतूक कोणत्या जाळ्याकडे वळवावी आणि गैरवापराची तक्रार कोणाकडे करावी, हे दोन्ही प्रश्न निराधार होतात. युरोपच्या नोंदणीसंस्थेने 2008 मध्ये, उत्तर अमेरिकेच्या संस्थेने 2009 मध्ये आणि आशिया-प्रशांत विभागाच्या एपीनिकने 2010 मध्ये हस्तांतरणाची दारे उघडली, ती प्रामुख्याने याच विचाराने.

3 फेब्रुवारी 2011 रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट पाच विभागांना वाटले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे 6,66,624 पत्ते मायक्रोसॉफ्टने 75 लाख डॉलरना, म्हणजे प्रत्येकी 11.25 डॉलरना, घेण्याचा करार उघड झाला. जे विनामूल्य मिळाले होते त्याला आता जाहीर किंमत होती.

या वादातील सर्वांत बोधप्रद भाग एपीनिकच्या इतिहासात सापडतो. तेथील धोरणानुसार विभागाचा मुख्य साठा संपल्यावर घेणाऱ्याने गरज सिद्ध करण्याची अट उरणार नव्हती. एप्रिल 2011 मध्ये तशी वेळ आली आणि अट गळाली. परंतु न वापरलेले जुने पत्ते मोठ्या प्रमाणावर उत्तर अमेरिकेत होते, आणि तेथील समुदायाचा आग्रह होता की गरजेचे तत्त्व पाळणाऱ्या विभागांकडेच पत्ते जावेत. पुरवठा हवा असेल तर अट पुन्हा स्वीकारणे भाग होते, आणि एपीनिकच्या सभासदांनी त्याच वर्षी ती स्वीकारली. 2012 मध्ये आंतरविभागीय व्यवहार सुरू झाले. ज्यांच्याकडे साठा होता त्यांचे तत्त्व ज्यांना टंचाई होती त्यांना मान्य करावे लागले, हे नमूद करताना त्या तत्त्वाचा मूळ हेतू साठेबाजी रोखण्याचा होता हेही विसरता येत नाही. युरोपने मात्र 2014 मध्ये, वाटायला काही उरले नसताना गरज तपासणे निरर्थक आहे या भूमिकेतून ती अट काढून टाकली, आणि पुढे इतर विभागांतून येणाऱ्या पत्त्यांसाठी पाच वर्षांत निम्मे पत्ते वापरण्याची योजना सादर करण्याची तडजोड केली.

युरोपची भूमिका नोंदीच्या दृष्टीने योग्य होती, कारण पैसे मोजणारा खरेदीदार सहसा गरजेविना पत्ते घेत नाही. पण तिच्यामुळे न्यायाचा जुना प्रश्न सुटत नाही. पूर्वी गरज सिद्ध झाली की पत्ते मिळत, आता गरजेसोबत भांडवलही लागते, आणि त्या भांडवलाचा लाभ बहुधा त्यांनाच होतो ज्यांना काळाच्या योगायोगाने हे धन फुकट मिळाले. आफ्रिकेत विभागाबाहेर हस्तांतरणाला परवानगी देण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षे वादग्रस्त ठरले ते याच भीतीपोटी, की उशिरा मिळालेला साठा श्रीमंत प्रदेशांकडे वाहून जाईल. एपीनिकनेही आपल्या शेवटच्या गटातील पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षे दुसऱ्याला देता येणार नाहीत असा निर्बंध घातला, तो नवागतांचा वाटा विक्रीसाठी उचलला जाऊ नये म्हणून. या विभागात, आणि त्यामुळे भारतातही, नव्या सेवादात्याला त्या शेवटच्या गटातून मिळू शकणारी कमाल संख्या 2019 पासून 512 आहे. त्याहून अधिक पत्ते हवे असल्यास त्याला बाजारात जावे लागते, किंवा एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवून 128 बिटांच्या सहाव्या आवृत्तीकडे वळावे लागते.