बोटांची खूण आणि स्वरांची लिपी

बास गिटार शिकणाऱ्याने स्टाफ नोटेशन शिकावे, की टॅब्लेचरवर भागवावे? टॅब्लेचरच्या चार रेघा म्हणजे चार तारा. रेघेवरील आकडा कितव्या पडद्याशी बोट दाबावे ते सांगतो. ही लिपी हीन नव्हे. ल्यूटसाठी याच जातीची लिपी १५०७ साली व्हेनिसमध्ये छापली गेली. एकच स्वर अनेक तारांवर निघतो, तेव्हा नेमकी जागाही तीच दाखविते. परंतु ती वादकाच्या बोटांशी बोलते, शेजारच्या व्हायोलिनवादकाशी नव्हे. गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फा गिरवलेल्या वादकांना मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत मान मिळाला, तो समोरचा कागद वाचता येत होता म्हणूनही. टॅब्लेचर अवश्य वापरावे. मात्र केवळ त्यावर विसंबणाऱ्याच्या सोयीचा भार अखेर सोबत्यांवर पडतो, हे आम्हांस विसरता येत नाही.