वहीतला रिकामा रकाना

गेल्या दिवाळीत भाची एक दोनशे पानी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. बी.एस्सी. झाली आहे, गणितात चांगली आहे. बी.एड. करावं की नाही, या प्रश्नावर तिने चार पानं भरली होती. फी, वसतिगृह, एस.टी.चा पास, पुस्तकं, आणि त्या दोन वर्षांत नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगारसुद्धा. शेवटच्या रकान्याला नाव नव्हतं, फक्त प्रश्नचिन्ह होतं.

"आत्या, तू शिक्षिका झालीस तेव्हा असा हिशेब केला होतास?"

"नाही गं," मी म्हणाले. म्हणताना आवाजात थोडा अभिमान होता हे मलाही कळलं. आमच्या पिढीत शिकवायला निघालेल्या माणसाने पगाराचं विचारणं जरा खालच्या पातळीचं समजत. सत्कारसमारंभात 'शिक्षकी पेशा नव्हे, ते व्रत आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नारळ आणि शाल आली की ते आपोआप कानात वाजतं.

माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, ओसरीवर बसून आकाशकंदिलाची वायर जोडत होता. तो काही बोलला नाही. आणि त्याच्या न बोलण्यामुळे माझा अभिमान हळूहळू उतरला.

मी हिशेब केला नव्हता, कारण तो त्याने केला होता. मला २००० साली डी.एड.ला खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या वर्षी त्याने पुढचं शिक्षण सोडलं आणि दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला लागला. २००३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. महिना ३,००० रुपये मानधन, तेही कधी दोन-दोन महिने अडकायचं. त्या तीन वर्षांतलं माझं घरभाडं कोण भरत होतं हे सांगायला नको. व्रत घेणाऱ्याने उपास स्वतः करायचा असतो. माझ्या व्रताचा उपास भावाने केला आणि सत्काराची शाल माझ्या खांद्यावर आली. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

म्हणून भाचीची वही मला आता वेगळी दिसते. 'एवढा पैशाचा विचार करतेस तर शिक्षक कशाला होतेस?' असं तिला घरातल्याच कुणीतरी म्हटलं. हाच प्रश्न तिच्या चुलतभावाला इंजिनिअरिंगचं कर्ज काढताना कुणी विचारला नव्हता. मुलीला बी.एड. सुचवताना लोक सांगतात ती कारणंही ऐकण्यासारखी असतात: वेळ सोयीची, सुट्ट्या भरपूर, स्थळं चांगली येतात. तिचा पगार घरखर्चाला हातभार, एवढाच धरलेला असतो. तेव्हा तिने हिशेब करू नये, या आग्रहामागे शिक्षणावरची श्रद्धा किती आणि तिची कमाई कुणी मोजतच नाही हे किती, हे तपासायला हवं.

तिचे आकडे असे होते. सगळं मिळून कर्ज अडीच लाख, व्याज ११ टक्के, फेड पाच वर्षांत. हप्ता तिने काढला होता साधारण साडेपाच हजार. मी तिला म्हटलं, शिकत असतानाच्या दोन वर्षांचं आणि नंतरच्या सवलतीच्या एका वर्षाचं व्याज कुठे गेलं? ते मुद्दलात मिळवल्यावर हप्ता सात हजारांच्या घरात गेला. दुसऱ्या बाजूला माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन: २०२३ पासून १८,००० रुपये, तीन वर्षं तेवढंच. आमच्या तालुक्यातल्या एका खासगी शाळेत तिने चौकशी केली तर दहा हजार सांगितले. हप्ता गेल्यावर उरले तीन. त्यात एस.टी.चा पास.

पण खरी अडचण बेरीज-वजाबाकीत नाही, तारखांत आहे. बँकेची सवलत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने संपते. भरतीचं कॅलेंडर असं चालत नाही. सरकारी भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी, जिला सगळे 'टेट' म्हणतात, पहिल्यांदा २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात बी.एड. होऊन बाहेर पडलेल्यांनी काय केलं असेल? हप्ता तर पाच तारखेला येतोच. त्यातच ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. निकालामागचं कारण मला पटतं, लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे. पण ज्यांनी तोच रस्ता धरून फी भरली होती, त्यांचा हिशेब एका दिवसात बदलला.

आणि हे झालं बँकेच्या कर्जाचं. आपल्याकडे शिक्षक होण्यासाठी काढलेलं मोठं कर्ज बऱ्याचदा पदवीसाठी नसतंच, जागेसाठी असतं. 'डोनेशन' या सभ्य शब्दाखाली ते दिलं जातं. त्याची पावती नसते. माझ्याबरोबर डी.एड. केलेल्या एकाने त्यासाठी अर्धा एकर विकला. शाळेला अनुदान येईल, येईल म्हणत तो वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट शिकवत राहिला, सकाळी शाळा आणि संध्याकाळी दुसऱ्याची रिक्षा. शिकवायचा उत्तम. पण संस्थेने समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर तो मुकाट सही करायचा. एकदा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "नाही म्हणायला पाठीमागे काहीतरी असावं लागतं. माझं तर मी विकून आलोय."

हे वाक्य मी भाचीला सांगितलं. कर्ज फिटेल का, हा प्रश्न तिने सोडवलाय. ते फिटेपर्यंत मी कुणाला नाही म्हणू शकणार नाही, या प्रश्नाला तिच्या वहीत जागा नव्हती. वर्गात गणित शिकवणारी बाई जर आतून इतकी बांधलेली असेल की नापास मुलाला पास कर म्हटल्यावर मान डोलावण्याशिवाय तिला गत्यंतर नसेल, तर तिची तळमळ खरी असूनही मुलांच्या वाट्याला काय येईल? गरजेपेक्षा कमी मिळकत माणसाला वाईट बनवते असं मी म्हणत नाही. उलट उदाहरणं भरपूर पाहिलीत. पण चांगलं राहण्याची किंमत ती खूप वाढवून ठेवते, आणि ती प्रत्येकाने रोज मोजावी अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पासबुकाकडे पाहावं.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाचा पगार सरळ आकड्यात सांगितला आहे: १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा. चांगली माणसं या कामाकडे यावीत म्हणून. ज्या माणसाने आणि ज्याच्या बायकोने शाळेसाठी शेण-दगड झेललं, त्याला त्यागाचं महत्त्व शिकवायची गरज नव्हती. तरी शिक्षकाकडून त्याने त्याग मागितला नाही, त्याच्यासाठी पगार मागितला. आपण त्यांची जयंती करतो आणि वाक्य मात्र व्रताचं म्हणतो.

असं असलं तरी वहीतल्या आकड्यांनीच निर्णय द्यावा हेही मला पटत नाही. फक्त हिशेब जुळणाऱ्यांनीच शिक्षक व्हायचं ठरवलं तर वर्गात येतील ती घरची शेती-दुकान असलेली, ज्यांना पगार नसला तरी चालतो अशी माणसं. किंवा दुसरं काहीच जमलं नाही अशी. भाचीसारखी, जिला एका वेळी दोन ठिकाणी जाता येईल आणि तरी शाळेतच जावंसं वाटतं, ती गळेल. सुट्टीत वाडीवरच्या पोरांना ती अपूर्णांक शिकवताना मी पाहिलंय, भाकरीचे तुकडे करून. चौथ्या दिवशी ती पोरं स्वतःहून भाकरी घेऊन आली होती. याला रकाना कुठला द्यायचा ते मला सांगता येत नाही. तिच्या बाजूने माझं मन झुकलेलं आहे हे खरं, पण मी निःपक्ष नाही. तिने नाही म्हटलं तर माझ्याच आयुष्याला कुणीतरी नाही म्हटल्यासारखं मला वाटेल.

शेवटी मी म्हणाले, "दोन वर्षांचा खर्च मी करते. कर्ज नको."

तिने मान वर केली नाही. "हे माझ्यासाठी देतेस की बाबांचं फेडतेस?"

भावाने वायर खाली ठेवली. मला उत्तर आलं नाही.

"फेडत असशील तर बाबांना दे," ती म्हणाली. "मला देणार असशील तर कर्ज म्हणून दे. व्याज लाव, पण हप्ता नोकरी लागल्यावर सुरू. लिहून घेऊ."

मग तिने वहीचं नवीन पान उघडलं, त्यावर दोन उभ्या रेघा मारल्या, आणि बापाला विचारलं, "बाबा, २००० साली बागेतली रोजची मजुरी किती होती?"

"राहू दे गं," तो म्हणाला.

"राहू नको दे, सांग त्याला," मी म्हणाले. त्याने आकडा सांगितला. आम्ही तिघं बराच वेळ त्या पानावर होतो.